बिनमुठीचं पातेलं

आमच्या साडूंइतका भांड्यांचा विचार केलेला माणूस अख्ख्या इंदुरात दुसरा नसेल, आणि अशा माणसाची भांड्यावरूनच चारचौघांत शोभा झाली, ती माझ्यामुळे. हे मी आधीच सांगून टाकतो. मागाहून सांगू म्हटलं की काय होतं ते मला चांगलं ठाऊक आहे. मी चौदा महिने मागाहूनच सांगणार होतो.

नात्याने ते साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना इथल्या रीतीप्रमाणे जिजाजी म्हणते, म्हणून मीही जिजाजीच म्हणतो. लग्न झालं तेव्हा पुण्याकडचे पाहुणे याला हसले होते. आता सुदामा नगरातली निम्मी गल्ली त्यांना जिजाजी म्हणते, दूधवालासुद्धा. ते मला 'भिया', म्हणजे इंदुरी भैया, म्हणतात आणि वर अहो-जाहो करतात. "भिया, तुम्ही जरा हे ताट मांडीवर ठेवून बघा," हे वाक्य मी गेल्या काही वर्षांत इतक्या वेळा ऐकलं आहे की माझ्या मांडीला ताटाच्या आकाराची सवय झाली आहे.

याची सुरुवात त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी झाली. ते एका सरकारी खात्याच्या गोदामात स्टोअरकीपर होते. निरोप देताना ऑफिसच्या लोकांनी शाल आणि नारळाबरोबर पाठीवर अडकवायची एक मोठी सॅक दिली. ती कोणी आणि का निवडली हे शेवटपर्यंत कळलं नाही. दुसऱ्या कोणी ती माळ्यावर टाकली असती. पण स्टोअरकीपरला रिकामी पिशवी बघवत नाही. डोंगरात जायचं, तंबूत राहायचं, स्वतः रांधून खायचं, असं त्यांनी ठरवलं आणि सामानाची यादी करायला घेतली. पहिल्या ओळीवर लिहिलं, 'भांडी'. "माणूस तंबूशिवाय झोपू शकतो भिया, भांड्याशिवाय जेवू शकत नाही." हा क्रम बरोबरच होता. फक्त चार वर्षं झाली तरी यादी पहिल्या ओळीच्या पुढे सरकली नाही. तंबूचा विषय आमच्या घरात कधी निघालाच नाही.

त्यांना परवडणारा सेट हवा होता. मी एकदा म्हणालो, "मग स्वस्तातला घेऊन टाका एखादा." त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी गोदामातला माल बिनपावतीचा बाहेर काढला. म्हणाले, "स्वस्त वेगळं, परवडणारं वेगळं. हरवलं तर रडू येऊ नये आणि चार लोकांत काढलं तर शरम वाटू नये, ते परवडणारं." यातला शरमेचा भाग मी नीट ऐकायला हवा होता.

मग रविवार आला की ते बर्तन बाजारात जात, कधी मलाही नेत. खिशात एक लोहचुंबक, पिशवीत ताईंचा स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक काटा. ताई म्हणजे त्यांच्या पत्नी, माझी मेहुणी. रविवारी केक करायचा म्हटलं की ताईंना काटा सापडत नसे. बाजारात जिजाजी आधी स्टीलची जात कळावी म्हणून भांड्याला चुंबक लावत, मग ते वजनाला टाकत, मग ते डोळ्यासमोर धरून काठ बघत, आणि शेवटी दुकानाच्या पायरीवर मांडी घालून बसत. ताटली मांडीवर ठेवत. डाव्या हाताने हवेतली भाकरी मोडत, उजव्या हाताने हवेतल्या वरणात बुडवत. ताटली कलंडली की नापास. "जंगलात टेबल नसतं," ते गर्दीला समजावून सांगत. एका दुकानदाराने कंटाळून विचारलं होतं, "भिया, बर्तन लेना है कि यहीं खाना खा के जाओगे?" जिजाजी शांतपणे म्हणाले, "खाना होता तो खा लेता." दुकानदार इतका हसला की त्याने चहा मागवला. तो चहा जिजाजींनी परीक्षेला काढलेल्या ग्लासात ओतून घेतला आणि ओठ भाजतात का ते पाहिलं. भाजले. ग्लास परत.

घरी आणलेलं भांडं गच्चीवर परीक्षेला बसे. चार विटांचा आडोसा, मध्ये छोटा गॅस, आणि पाणी किती वेळात उकळतं ते बघायला हातात घड्याळ. पातळ स्टीलमध्ये खिचडी तळाला लागते, हे त्यांनी सात वेळा खिचडी लावून सिद्ध केलं. त्या आठवड्यात त्यांच्याकडे गेलेल्या प्रत्येकाला करपलेली खिचडी खावी लागली. अ‍ॅल्युमिनियम हलकं, पण त्यात आंबट शिजवू नये, असं त्यांनी कुठेतरी वाचलं. वाचलेल्यावर विश्वास न ठेवता त्यांनी तीन भांड्यांत कढी केली आणि आम्हाला डोळे मिटून चव घ्यायला बसवलं. मला तिन्ही कढ्या एकसारख्याच लागल्या. तसं सांगितल्यावर त्यांनी वहीत माझ्या नावापुढे फुली मारली. चमच्यालाच पुढे काट्याचे दात असलेलं एक प्लास्टिकचं हत्यार ते घेऊन आले होते. त्याने पोहे खाल्ले तर शेव दातांतून खाली पडत होती. "हा दोन्ही करतो म्हणतो आणि एकही करत नाही," असं म्हणून त्यांनी ते ताईंना दिलं. ताई त्याने अजून कुंडीतली माती उकरतात. टायटॅनियमचं नाव मात्र ते जपून घेत, ज्या घरात मुलगी द्यायची आपली ऐपत नाही अशा घराचं नाव घ्यावं तसं.

सगळ्यात कठीण परीक्षा धुण्याची. अर्ध्या ग्लास पाण्यात जेवलेलं ताट धुऊन निघालं पाहिजे. आधी भाकरीच्या तुकड्याने पुसायचं, तो तुकडा खायचा, मग पाणी. ही सवय इतकी अंगात भिनली की गौतमपुऱ्याला एका लग्नात त्यांनी बुफेच्या रांगेत पिशवीतून स्वतःची ताटली काढली, पनीरची भाजी घेतली, उभ्या उभ्या जेवले आणि मांडवाच्या कडेला अर्ध्या ग्लासात ती विसळली. वधूपिता धावत आला. त्याला वाटलं, केटररच्या प्लेटा अस्वच्छ निघाल्या.

शेवटी शेवटी आवाजाची परीक्षा सुरू झाली. एकात एक बसवलेली भांडी चालताना वाजता कामा नयेत. त्यासाठी ते रोज संध्याकाळी सॅक पाठीवर घेऊन बगिच्याला सहा चकरा मारत. मागे गल्लीतली दोन कुत्री. शेजारच्या भाभींनी तीन दिवस पाहिलं आणि चौथ्या दिवशी ताईंना बाजूला घेऊन हळूच विचारलं, "दीदी, सब ठीक है ना? भाईसाब रोज सामान लेके निकलते हैं, फिर लौट आते हैं." ताई म्हणाल्या, "वही तो तकलीफ है, लौट आते हैं."

असं सगळं होऊन जो सेट ठरला तो अगदी साधा होता. जाड बुडाचं, काठ बाहेर वळलेलं स्टीलचं एक पातेलं. त्यावर झाकण, तेच उलटं केलं की ताट. आत वाटी, वाटीत ग्लास, मध्ये कापडाचे तुकडे. ताईंनी जुन्या जीन्सची पिशवी शिवून दिली होती. कुठल्याच भांड्याला मूठ नव्हती. घडीच्या मुठीवर त्यांचा विश्वासच नव्हता. "जी मूठ मिटते, ती केव्हा मिटेल हे तिचं तीच ठरवते," असं ते म्हणत. त्याऐवजी एक सांडशी. कोणत्याही कुटुंबाला रविवारच्या पोहे-जिलेबीच्या खर्चात मागेपुढे करून घेता यावा असा हा सेट होता, आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता. त्यांनी दोन सेट केले. एक स्वतःसाठी, एक आमच्यासाठी.

आता माझं.

आमचं मराठी मंडळींचं एक भटकं मंडळ आहे. पूर्वी त्यात सगळे जुने इंदूरकर होते. हल्ली नोकरीसाठी पुण्या-नाशिकहून आलेली तरुण मंडळीही येतात. त्यांचे बूट, त्यांच्या सॅका, त्यांचं बोलणं, सगळं आमच्यापेक्षा वेगळं. चोरलच्या बाजूला नदीकाठी दिवसभराची सहल ठरली आणि जिजाजी प्रथमच सेट घेऊन खरोखर बाहेर पडणार असं ठरलं. त्यांना कंबरेचं दुखणं असल्यामुळे त्यांच्या सेटातलं पातेलं आणि सांडशी माझ्या सॅकेत, असं वाटून घेतलं. आदल्या संध्याकाळी मी ती जीन्सची पिशवी उघडली. गच्चीवर परीक्षा देऊन देऊन पातेल्याचं बूड काळं झालं होतं. त्या तरुण मंडळींसमोर हे काढायचं, या विचाराने मला कसंतरी झालं. मी एका वेबसाइटवरून आठवड्यापूर्वी एक सेट मागवला होता, ऑफिसच्या पत्त्यावर, बायकोलाही न सांगता. हिरवा रंग, आत काळा लेप, दोन घडीच्या मुठी, जाळीची पिशवी. फोटोत फार देखणा होता. हातातही देखणाच होता. मी जिजाजींचं पातेलं माळ्यावर चढवलं आणि हिरवा सेट सॅकेत भरला.

नदीवर मी तो बाहेर काढला तेव्हा जिजाजी एकटेच जवळ होते. बायका पाण्याकडे गेल्या होत्या.

"हे काय, भिया?"

"ते गडबडीत घरीच राहिलं हो. हे ऑफिसातल्या एकाचं होतं, घेऊन आलो."

ही दोन वाक्यं, दोन्ही खोटी. त्यांनी भांडं हातात घेतलं, मूठ उघडली, मिटली, पुन्हा उघडली, अंगठ्याने खटका दाबून पाहिला. म्हणाले, "चहाचं पाणी तापवा यात. खिचडी नका करू. भरलेलं वजन ही मूठ धरणार नाही." आणि सुकी काटकं बघायला गेले. माझ्यावर रागावलेही नाहीत. चार वर्षांची तयारी माळ्यावर राहिली होती आणि ते काटकं शोधायला गेले.

मी खिचडी लावली. दुसऱ्यांच्या चुलींवरून वास सुटला होता, सगळ्यांना भुका लागल्या होत्या, आणि खरं सांगायचं तर भांडं चांगलं आहे हे मला दाखवून द्यायचं होतं. खिचडी शिजली. ताई नदीवरून वर आल्या. मीच म्हणालो, "ताई, जरा उतरवता का?" त्यांनी मूठ धरून भांडं उचललं. दोन पावलं गेल्या असतील. मूठ मिटली.

सगळी खिचडी त्यांच्या उजव्या पावलावर.

पुढचं मला आठवायला आवडत नाही. नदीचं पाणी, कोणाच्या तरी सॅकेतलं मलम, गाडीपर्यंत त्यांना उचलून नेणं. तीन आठवडे त्यांना चप्पल घालता आली नाही. पण त्या गडबडीत, पाय पाण्यात धरलेला असताना, मंडळाचे अध्यक्ष बोलून गेले, "चार साल रिसर्च की जिजाजींनी आणि हँडलच नाही पाहिलं! क्या यार!" दोघं-तिघं हसले. माणसं घाबरली की हसतात, तसं. ताई वेदनेने रडत होत्या. जिजाजींच्या घरात महिन्याला एक नवं भांडं येई, त्यामुळे हे हिरवंही त्यांतलंच, असं त्यांना वाटलं. त्या नवऱ्याला म्हणाल्या, "पुरे झाली आता तुमची भांडी. पुरे झाली."

जिजाजींनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. फक्त एकदा. मी खाली वाकून सांडलेली खिचडी गोळा करू लागलो, जणू ते फार तातडीचं होतं. तेव्हा ते म्हणाले, "हो. मी मूठ नीट बघायला हवी होती."

मी त्याच दिवशी सांगणार होतो. मग म्हटलं, ताईंचा पाय बरा होऊ दे. पाय बरा झाला. मग म्हटलं, आता विषय निघालाच तर सांगू. विषय कोणी काढत नव्हतं, आणि मी त्या शांततेत राहायला शिकलो. जिजाजींनी काटा ताईंना परत दिला. चुंबक फ्रिजच्या दारावर गेला, विजेचं बिल अडकवायला. ते बगिच्याला चकरा मारत, पण रिकाम्या पाठीने, आणि सहाऐवजी दोन. मी एकदा बर्तन बाजारातून जात होतो, तर त्या चहा पाजणाऱ्या भांडीवाल्याने मला ओळखून विचारलं, "अरे, वो मैग्नेट वाले भिया कहाँ हैं? तबीयत तो ठीक है?" मी म्हणालो, "ठीक हैं." आणि बायकोने सांगितलेली कढई न घेताच घरी आलो.

माझ्याशी मात्र ते तसेच वागत. हेच अवघड होतं. एखाद्या रविवारी येत, चहा घेत, "भिया, थकलेले दिसता," म्हणत. मी खरंच थकलेला असे. एखादी गोष्ट न सांगणं हे किती कष्टाचं काम आहे, हे न सांगणाऱ्यालाच कळतं.

मागच्या महिन्यात बडा गणपतीजवळ मंडळातल्या एकांच्या गच्चीवर रविवारी सकाळी सगळे जमलो होतो. पुढच्या सहलीची आखणी चालली होती. अध्यक्षांनी सामान वाटून द्यायला घेतलं आणि म्हणाले, "जिजाजी, तुम्ही फक्त स्वतःला आणा. बर्तन हम देख लेंगे." सगळे हसले. जिजाजीही हसले. पुण्याहून नुकतीच बदलून आलेली एक मुलगी तिथे होती. तिला जुनं काही माहीत नव्हतं. तिने विचारलं, "मला ट्रेकसाठी भांड्यांचा सेट घ्यायचाय, फार महाग नको. इथे कुणाला त्यातलं कळतं का?"

मी जिजाजींकडे पाहत होतो. त्यांचा चेहरा उजळला, ते पुढे सरकले, तोंड उघडलं. मग इकडे तिकडे पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं. कागदी प्लेटीची घडी घातली, त्या घडीची आणखी एक घडी घातली.

"यांना सोडून कुणालाही विचार," अध्यक्ष म्हणाले.

मी उठून उभा राहिलो. म्हणालो, "ते हिरवं भांडं माझं होतं."

कोणाला काही कळलं नाही. मग मी सगळं सांगितलं. पातेलं माळ्यावर ठेवल्याचं, खोटं बोलल्याचं, खिचडी करू नका म्हणून त्यांनी बजावल्याचं, ताईंना मीच हाक मारल्याचं. सांगताना मी दोनदा "म्हणजे त्या वेबसाइटवर रिव्ह्यू चांगले होते" असंही म्हणालो. कशासाठी, देव जाणे. अध्यक्ष खाली बघत राहिले. माझी बायको माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी तिला आत्ताच रस्त्यात भेटलो.

ताई नवऱ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही? वर्षभर घरात मी तुम्हाला बोलते आहे. का नाही सांगितलंत?"

"सांगून काय करणार होतो," जिजाजी म्हणाले. "तुझी धाकटी बहीण आहे त्या घरात. उगाच तुमच्यात कशाला." मग प्लेटीच्या घडीवरून अंगठा फिरवत, "आणि मला वाटलं, हे सांगतील. पंधरा दिवसांत सांगतील असं वाटलं होतं."

त्या पुण्याच्या मुलीनेच धीर केला. "काका, मग मी कोणता घेऊ?" जिजाजींनी प्लेटीची घडी खाली ठेवली आणि विचारलं, "चूल की गॅस? आणि किती जण?" आवाज बसलेला होता. चौदा महिन्यांत त्याचा या कामी वापर नव्हता.

निघताना जिन्यात ताईंनी मला गाठलं. मी म्हणालो, "ताई, आज मोकळं वाटलं."

"तुम्हाला वाटलं असेल," त्या म्हणाल्या. "तुम्ही खुलासा केलात. चांगला केलात. पण माफी मागितलेली मी ऐकली नाही. माझं राहू द्या, माझा पाय बरा झाला. त्यांच्याकडे मागा."

खाली जिजाजी स्कूटर काढत होते. रस्त्यावर ही वाहनं, देवळाकडे जाणारी माणसं, फुलवाल्यांची ओरड. मी जवळ जाऊन म्हणालो, "जिजाजी, माझं चुकलं." त्यांनी हेल्मेट घातलेलं होतं. त्यांनी मान हलवून विचारलं, "काय?" मला वाटलं, जाऊ दे, म्हणून झालं एकदा. तेवढ्यात त्यांनी हेल्मेट काढलं, डोक्यावरचे चार केस सारखे केले आणि थांबून राहिले. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न दिला. ते हलले नाहीत.

"जिजाजी," मी मोठ्याने म्हणालो, "माझं चुकलं. भांड्याचं म्हणत नाही मी. नदीवर तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि मी खाली बघितलं. ते चुकलं. त्यानंतर रोज चुकलं. मला माफ करा."